मृत्यूची सरासरी आणि कारणाचे कथन

सार्वजनिक आरोग्याचा इतिहास बहुधा वैद्यकाचा वा प्रशासनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मात्र या क्षेत्राच्या मूलभूत संकल्पना ज्या अहवालांतून घडल्या, ते अहवाल ही कथनेही आहेत. आणि मृत्यूचे कारण म्हणून कशाकडे बोट दाखवायचे, हा त्यांतील कळीचा प्रश्न होय.

एडविन चॅडविक यांच्या १८४२ च्या ब्रिटिश श्रमिकांविषयीच्या अहवालात मृत्युसमयीचे सरासरी वय वर्गवार दिले आहे. मँचेस्टरमध्ये ते प्रतिष्ठितांत ३८, व्यापाऱ्यांत २० व मजुरांत १७ वर्षे होते. ग्रामीण रटलंडमध्ये अनुक्रमे ५२, ४१ व ३८. खेड्यातील मजुराचा आकडा शहरातील प्रतिष्ठिताच्या आकड्याशी जुळतो, हे लक्षणीय आहे. अर्थात १७ ही सरासरी मुख्यतः बालमृत्यूंमुळे खाली आली होती; तसेच वयोरचना विचारात न घेता अशी तुलना फसवी ठरते, हा आक्षेप नाइसन यांनी १८४४ मध्येच नोंदवला. तरीही विषमता दृश्यमान झाली ती अशा कोष्टकांमुळेच.

मात्र चॅडविक यांच्या कथनात दोषी ठरते ती घाण आणि दूषित हवा. १८३४ च्या दारिद्र्य कायद्याच्या या शिल्पकाराने रोगामुळे दारिद्र्य येते, यावर भर दिला. भूक व वेतन दुय्यम राहिले. एंगेल्स यांनी १८४५ मध्ये शासकीय अहवालांचाच आधार घेऊन अशा मृत्यूंना ‘सामाजिक हत्या’ म्हटले. १८४८ मध्ये वरच्या सायलेशियातील टायफसच्या साथीची पाहणी करणाऱ्या रूडॉल्फ फिरखो यांनी औषधांपेक्षा लोकशाही, शिक्षण आणि समृद्धी हे उपाय सुचवले. तेथील पोलिश भाषेला मान्यता द्यावी, असेही म्हटले. येथे भाषिक वंचना हीदेखील रोगाच्या कारणमालिकेत येते.

चॅडविक यांची स्वच्छताकेंद्री परंपरा वसाहतींतही पोहोचली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर १८९८ मध्ये नगर सुधारणा न्यास स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या. परंतु विस्थापित गरीब जवळच्या वस्त्यांत शिरले आणि दाटी तेथे वाढली. ‘अस्वच्छ घर’ हे कारण मानले, की उपाय पाडकामाचा ठरतो. ‘अपुरे वेतन’ हे कारण मानले असते, तर तो निराळा ठरला असता.

अहवालातील कर्ता कोण आणि कर्म कोण, हा केवळ व्याकरणाचा प्रश्न राहत नाही, तो यामुळेच.