काळवीट, फासेपारधी आणि ऊस

डिसेंबर २०२० मध्ये मी करमाळ्यात घरूनच ऑफिसचं काम करत होतो. त्या महिन्यात तालुक्यात एका बिबट्याने तीन माणसं मारली. अंधार पडला की रस्ते ओस. १८ डिसेंबरला त्याला गोळ्या घालून ठार केलं. आजोबा म्हणाले, "आमच्या वेळी लांडगा होता, हरणं होती. बिबट्या कधी ऐकला नव्हता." ते वाक्य डोक्यातून जाईना.

करमाळा म्हणजे दाट जंगल नव्हे, माळरान. कुसळी गवत, बोरी-बाभळी, मधूनमधून ज्वारी. काळवीट, लांडगा, खोकड हे या माळाचे रहिवासी. आणि त्यांच्या मागावर शिकारी.

त्यातला जुना शिकारी फासेपारधी. शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडून तो कळपाजवळ सरकायचा आणि वाटेवर फास मांडायचा. हरणं गुरांना बुजत नाहीत, हे ज्ञान हेच त्याचं भांडवल.

संस्थानिकांना आणि साहेबांना हीच हरणं खेळासाठी हवी होती. कोल्हापूर दरबारात काळविटांवर सोडायला चित्ते पाळत. देशी चित्ते मिळेनात, तेव्हा ते आफ्रिकेतून आणले. इंग्रज सरकार तर हिंस्र प्राणी मारायला बक्षीस देई. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभरात ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि सुमारे २ लाख लांडगे असे मारले गेल्याचा अभ्यासकांचा हिशेब आहे.

तरी गुन्हेगार ठरला पारधी. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला. जमातच्या जमात जन्मापासून संशयित, पोलिसांकडे हजेरी. अशा जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. तो भाग आजही 'सेटलमेंट' म्हणूनच ओळखला जातो. कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का राहिला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने काळविटाची शिकार बंद झाली. ते गरजेचंच होतं. पण साहेबाचा फक्त छंद गेला, पारध्याचं पोट गेलं.

१९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर! करमाळ्यासह कितीतरी तालुके, गावं, खासगी शेतं त्यात आली. जमिनीचे व्यवहार अडकले, लोक वैतागले. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पण या छत्राखाली काळवीट आणि लांडगाही तगले.

दरम्यान, १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. पाणी आलं आणि तालुक्याच्या भीमाकाठच्या पट्ट्यात ऊस आला, केळी आली. गवतावर जगणाऱ्या काळविटाला उसाचा उपयोग नाही. त्याला उघडा माळ लागतो, लांब दिसावं लागतं, पळायला जागा लागते. बिबट्याला मात्र दाट उसात लपायला जागा, प्यायला पाणी, खायला कुत्री-शेळ्या, सगळं मिळतं. पश्चिम महाराष्ट्रात बिबट्याच्या माद्या उसातच पिल्लं घालतात.

बंदूक थांबवता आली, फास थांबवता आला. नांगर कोण थांबवणार? आणि का थांबवावा? दुष्काळात होरपळलेल्या माणसाला 'माळ तसाच ठेव' हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

आजोबांचा माळ आता आमचा उसाचा फड आहे. माझी इंजिनिअरिंगची फी त्याच उसाने भरली. म्हणून "हरणं पारध्यांनी संपवली" असं कुणी सहज म्हणालं, की मला आधी आमचं शेत आठवतं.