सव्वा मीटर दोरा

मोबाइल ठेवा बाजूला. त्याऐवजी एक लाल पेन्सिल घ्या, शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घ्या आणि या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसा.

बाहेर बर्फ पडतंय. वर्ष १९६१, महिना फेब्रुवारी, गाव न्यू जर्सीतलं. खिडकीखालचा रेडिएटर फुसफुसतोय, शेगडीवर कॉफी खदखदतेय आणि टेबलावर अख्खा युरोप पसरलाय. नकाशाचे कोपरे वर उचलू नयेत म्हणून एकीकडे साखरेचं भांडं ठेवलंय, दुसरीकडे बशी. या प्रवासापुरते तुम्ही इथले नोकरदार आहात आणि तुमच्या नावावर एक गाडी नोंदवलेली आहे. फोक्सवॅगन, तीच गोल पाठीची बीटल. गावातल्या विक्रेत्याकडे तुम्ही पैसे भरलेत, पण गाडी तो देणार नाही. ती उभी राहणार आहे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात. तिथे जाऊन तुम्हीच ती ताब्यात घ्यायची, सुट्टीभर हिंडवायची आणि शेवटी बंदरावर बोटीत चढवायची. भाड्याची गाडी नको, रेल्वेची वेळापत्रकं नकोत. नवी गाडी घरी यायचीच आहे, तर ती आल्प्सवरून का येऊ नये?

आता दोरा उचला. नकाशा दहा लाखास एक या प्रमाणाचा आहे, म्हणजे एक सेंटिमीटर दोऱ्यात दहा किलोमीटर. एक टोक वोल्फ्सबुर्गवर अंगठ्याने दाबा आणि रस्त्याच्या लाल रेघेवरून दोरा दक्षिणेकडे सोडत चला: ग्योटिंगेन, फ्रँकफर्ट, कार्ल्सरूह, बाझेल, ल्युसर्न, गॉटहार्डची खिंड, मिलान आणि शेवटी समुद्रावरचं जिनोव्हा. तिथे गाठ मारा. भरला सव्वा मीटर. वोल्फ्सबुर्गपासून पन्नास सेंटिमीटरवर आणखी एक गाठ हवी, कारण पाचशे किलोमीटर झाले की नव्या गाडीची पहिली तपासणी करायची आणि तेल बदलायचं. गाठ नेमकी कार्ल्सरूहवर येते. तिथे लाल फुली मारा. बोटीची तारीख ठरलेली आहे, गाडी मिळण्याची तारीखही ठरलेली आहे. मधले दिवस तेवढे तुमचे.

कागद एका पाकिटात घाला. गाडी ताब्यात देण्याचं पत्र, फोटो चिकटवलेला आंतरराष्ट्रीय परवाना, विम्याचं हिरवं कार्ड (ते नसेल तर सीमेवरचा माणूस पुढे सोडणार नाही) आणि प्रवासी धनादेशांची जाडजूड चळत. घरची पत्रं कुठे येणार, तेही आत्ताच कळवून ठेवा. मोठ्या शहरांतल्या अमेरिकन एक्सप्रेसच्या कचेऱ्या आपल्या गिऱ्हाइकांची पत्रं सांभाळून ठेवतात.

झालं? मग दोरा गुंडाळून खिशात टाका आणि उठा. टेबलाला धरून उठा, फेब्रुवारीतून एकदम जूनमध्ये जाताना तोल जातो.

पाय फलाटावर टेकतात तोच नाकात कोळशाचा धूर शिरतो. आगगाडी वाफ सोडत निघून जाते, वाफ विरते आणि समोर कालव्यापलीकडे कारखाना दिसतो. लाल विटांची एकच भिंत, किलोमीटरभराहून लांब, आणि टोकाला वीजघराची चार उंच धुराडी. पाळी सुटते. आधी लांबून किणकिणाट ऐकू येतो, मग सायकलींचा लोंढाच अंगावर येतो. हजारो चाकं, हँडलला लटकवलेले डबे, घामाने ओले शर्ट. तुम्ही भिंतीला चिकटून उभे राहता. लोंढा ओसरल्यावर हवेत मागे राहतो तो गरम तेलाचा आणि ओल्या रंगाचा वास.

गाड्या द्यायच्या दालनात मात्र देवळासारखी थंडाई आहे. फरशी पुसलेली. ओळीने उभ्या बीटल, निळ्या, पांढऱ्या, शेवाळी, सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे. बाकांवर तुमच्यासारखेच लोक पाकिटं मांडीवर घेऊन बसलेत. कुणी प्राध्यापक, कुणी सुट्टीवरचा सैनिक, एक नवं लग्न झालेलं जोडपं. टेबलामागचा माणूस नावं पुकारतो. तुमच्या आडनावातल्या ‘ळ’पाशी तो थबकतो, दोनदा प्रयत्न करतो आणि शेवटी हसून हातानेच बोलावतो.

ही तुमची. निळी. पाटी साधी नाही, अंडाकृती आहे, तिच्यावर ‘झेड’ अक्षर. ही गाडी देशाबाहेर जाणार, हे त्या पाटीवरूनच वाटेतल्या प्रत्येक हवालदाराला कळेल. कोट घातलेला मेकॅनिक दार उघडतो, लावायला जातो, आणि दार लागतच नाही. तो बोट वर करतो: आधी काच थोडी खाली! गाडी इतकी घट्ट बेतलेली आहे की आतली हवाच दाराला मागे ढकलते. काच दोन बोटं खाली घेतल्यावर दार ‘ठप्’ करून बसतं. तो आवाज तुम्ही पुन्हा एकदा ऐकता. मग तिसऱ्यांदा.

इंजिन मागे, सामान पुढे. पाण्याची टाकी नाहीच, इंजिन वाऱ्यावर थंड होतं. आणि पेट्रोलचा काटा? मेकॅनिक वाकतो आणि पायांपाशी पुढच्या भिंतीवरची एक छोटी कळ दाखवतो. काटा नाही, ही कळ आहे. इंजिन आचके देऊ लागलं की बुटाच्या टोकाने ती फिरवायची. टाकीतले राखीव पाच लिटर मोकळे होतात. तो तुमच्या डोळ्यांत बघून पुन्हा सांगतो: पाच लिटर.

किल्ली तळहातावर पडते आणि तुमच्या आतून एक हाक येते. कुंकू कुठाय? नारळ? चाकाखाली ठेवायला एक लिंबू तरी? मागे रांग उभी आहे, फरशी चकचकीत आहे, आणि वोल्फ्सबुर्गच्या या दालनात लिंबू कुठून येणार? तुम्ही थंडगार पत्र्याला हात लावता, तो कपाळाला लावता आणि मनाशी म्हणता, राहिलं. पण विसरणार नाही.

निघा आता. पहिल्या चौकात गिअर बदलताना हात घामेजतात. मागून इंजिनाचा तो खडखडता, खुशालचेंडू आवाज. आत नव्या रेक्झिनचा वास. पुढच्या त्रिकोणी काचा तिरक्या केल्या की वारा थेट छातीवर येतो, आणि त्या वाऱ्याबरोबर आधी कापलेलं गवत येतं, मग लिंडेनच्या फुलांचा मधाळ सुगंध. गाडी अमेरिकेसाठी बनलेली, म्हणून काटा मैलांत आणि रस्त्यावरच्या पाट्या किलोमीटरांत. पन्नासला ऐंशी, साठला शहाण्णव. दुपारपर्यंत हा पाढा तोंडपाठ होतो. मोठ्या महामार्गावर काँक्रीटचे जुने चौकोन लागतात आणि प्रत्येक सांध्यावर चाकं बोलतात, टडक्-टडक्, टडक्-टडक्. डोळे मिटले असते तर आगगाडीतच असल्यासारखं वाटलं असतं. मिटू मात्र नका, डावीकडून एक मर्सिडीज दिवे मारत येतेय.

पेट्रोल भरायला थांबलात की पुढची डिकी उघडावी लागते, कारण टाकीचं तोंड तिथेच, तुमच्या बॅगेच्या शेजारी. पंपावरचा पोरगा गाणं गुणगुणत नळी घालतो, दोन थेंब सांडतो आणि त्या रात्री तुमच्या धुतलेल्या सदऱ्याला पेट्रोलचा वास येतो. पुढचे आठ दिवस येत राहील. सवय करून घ्या. कार्ल्सरूहला लाल फुलीवर गाडी वर उचलली जाते, खालून काळं तेल घळाघळा ओघळतं, पुस्तिकेवर शिक्का बसतो. डॉलरला चार मार्क या हिशेबाने तुम्ही पैसे मोजता. दोराही अजून तुमचं ऐकतोय. पन्नास सेंटिमीटर ठरले होते, पन्नासच भरले.

मग डोंगर येतात.

ल्युसर्नच्या तळ्याकाठी सकाळी निघालात तेव्हा हवा शिरशिरी आणणारी होती. आता दुपार आहे आणि रस्ता शोलेनेनच्या घळीत वर चढतोय. एका बाजूला ओला काळा कडा, दुसऱ्या बाजूला खोल खाली रॉइस नदीचा गडगडाट. समोर मालाने भरलेला ट्रक, मागे गाड्यांची माळ. कडेला ठिकठिकाणी मोठ्या, मातब्बर गाड्या बॉनेट उघडून उभ्या आहेत, त्यांच्यातून वाफेचे लोट उठताहेत, आणि गळ्यात टाय घातलेले गृहस्थ डब्यातून पाणी ओतताहेत. तुमची निळी मात्र दुसऱ्या गिअरमध्ये खडखडत, न तापता, न थांबता वर चाललीय. जिच्यात पाणीच नाही, ती उकळणार कशी? अभिमानाने छाती फुगते.

आणि नेमकं तेव्हाच ती आचका देते.

एक. दोन. मागचा हॉर्न वाजवतो. बुटाचं टोक अंधारात कळ शोधतं. लागत नाही. घशाला कोरड. मग बुटाला काहीतरी अडकतं, फिरतं. दोन श्वास गाडी नुसती घरंगळल्यासारखी, आणि मग खड्-खड्-खड्, पुन्हा तोच आवाज. पाच लिटर! तो मेकॅनिक डोळ्यांत बघून का बोलला होता, ते आत्ता कळलं. आंडरमाटला टाकी भरून घेताना तुमचे हात अजून थरथरताहेत आणि चेहऱ्यावरचं हसू काही जात नाही.

खिंड २१०० मीटरांहून उंच आहे. जून संपत आला तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बर्फाचे बांध, आणि उन्हात त्यांच्यातून पाणी ठिबकतंय. खाली उतरून एक मूठभर बर्फ गाडीच्या टपावर ठेवा. कोमट पत्र्यावर तो सरकत खाली येतो. हे तिचं पहिलं स्नान.

पलीकडचा उतार म्हणजे ट्रेमोला. दगडी चिऱ्यांचा रस्ता, चोवीस वळणं, एकावर एक रचलेली, वरून पाहावं तर कुणी रिबीन टाकून दिल्यासारखी. स्टिअरिंग पुरं फिरवायचं, सोडायचं, पुन्हा उलटं फिरवायचं. दात वाजताहेत, डिकीत बॅगा आपटताहेत, ब्रेकचा जळका वास येतोय. इतक्यात खालून तीन सुरांचा हॉर्न घुमतो. स्विस टपाल खात्याची पिवळी बस. ते सूर रोसिनीच्या ‘विल्यम टेल’मधून घेतलेले आहेत, पण तुम्हाला आत्ता एवढंच कळतं की डोंगरात तिचा मान पहिला. मागे घ्या! गिअर करकरतो, मान मागे वळते, मागच्या छोट्या काचेत नुसतं आकाश दिसतं. एक वीत, आणखी एक वीत. बस इतकी जवळून जाते की तिच्यातल्या एका आजीबाईंच्या टोपलीतलं चीज तुम्हाला हुंगता येतं. त्या हात हलवतात. तुम्हीही हलवता.

खाली ऐरोलोला कॉफी प्यायला थांबता. इथे देश अजून तोच, भाषा मात्र इटालियन झाली. खिशात हात जातो आणि दोरा लागतो. टेबलावर पसरा बरं तो. ट्रेमोलाची वळणं साधारण चार किलोमीटरांत आहेत. दोऱ्यावर किती? चार मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याहूनही कमी. तुमची धडधड, ती बस, त्या आजीबाई, तो जळका वास, सगळं त्या दाण्यात. फेब्रुवारीत तुम्ही दोरा ओढला नसता तर इथे पोहोचलाच नसता. पण दोऱ्यात जे मावलं नाही, त्याच्यासाठीच तर तो ओढला होता.

यापुढे इटली अंगावर कोसळते. सीमेवर परदेशी प्रवाशांसाठी स्वस्त पेट्रोलची कूपनं मिळतात. डॉलरला सव्वासहाशे लिरा, म्हणून पाकीट एकदम जाड होतं. ऊन पांढरं. मिलानमध्ये चिमुकल्या फियाट चहूबाजूंनी घुसतात, आणि त्यांच्यामधून भुंग्यासारख्या व्हेस्पा. तो आवाज तुमच्या ओळखीचा आहे, पुढे पुण्याच्या प्रत्येक पेठेत याच घराण्याच्या बजाज स्कूटरी गुणगुणणार आहेत. काचेवर आता मेलेल्या किड्यांची नक्षी आहे. पुढच्या मडगार्डवर, कोण जाणे कुठल्या वळणावरची, एक बारीक चरी उमटलीय. तुम्ही अंगठा ओला करून ती पुसून बघता. जात नाही. जाऊ नये असंही वाटतं.

जिनोव्हाच्या बंदरात मासे, डांबर आणि तापलेल्या दोरखंडांचा वास एकत्र शिजतोय. क्रेनच्या साखळ्या खणखणताहेत, हमाल एकमेकांना हाका मारताहेत, वर जुना दीपस्तंभ उभा आहे. अर्ध्या तासात निळीच्या चाकांना जाळ्या लावतील, ती हवेत उचलली जाईल, क्षणभर चारही पाय लोंबकळत समुद्रावर तरंगेल आणि बोटीच्या पोटात दिसेनाशी होईल. किल्ली द्यायची वेळ झाली.

थांबा. तो कोपऱ्यावरचा फळवाला बघा. त्याच्या हातगाडीवर पानांसकट लिंबांची रास आहे, मुठीएवढी, पिवळीधमक. एक घ्या. उजव्या पुढच्या चाकाखाली ठेवा. हमाल काम थांबवून बघतात, बघू देत. आत बसा, काच दोन बोटं खाली घ्या, दार लावा. पहिला गिअर. हळूच क्लच सोडा.

फच्!

बंदराच्या सगळ्या वासांवरून लिंबाचा वास उडी मारून वर येतो. हमालांपैकी एक टाळी वाजवतो, मग सगळेच वाजवतात. वोल्फ्सबुर्गात राहिलेलं आज झालं. आता गाडी तुमची.