गळ्यात लटकलेला इतिहास : जुन्या किल्ल्या, व्हेनिसची नाणी आणि आपली पुतळीमाळ

१/ जुनी पितळी किल्ली घासूनपुसून साखळीत अडकवायची आणि गळ्यात घालायची, ही हौस सध्या जगभर दिसते. ज्या कुलुपासाठी ती घडली ते कधीच हरवलेले असते. उरतो तो केवळ आकार. मात्र काम संपलेल्या वस्तूचा दागिना करण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. हा थ्रेड तिच्याविषयी.

२/ प्रथम किल्लीच घेऊ. मराठी घरांत कर्त्या बाईच्या कमरेला चांदीचा छल्ला असे आणि त्यात कोठीच्या, कपाटाच्या, पेटीच्या किल्ल्या अडकवलेल्या असत. तो दागिना होता आणि अधिकारपदाची खूणही. सासूने सुनेच्या हाती छल्ला देणे म्हणजे घराचा कारभार सोपवणे.

३/ पण छल्ल्यातील किल्ली कामातली होती. आपले मूळ काम सोडून केवळ दागिना झालेली, आणि महाराष्ट्रात घरोघरी पोहोचलेली वस्तू वेगळीच आहे : नाणे. त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे पुतळीमाळ.

४/ ‘पुतळी’ हे नाव मुळात एका परदेशी नाण्याचे. इटलीतील व्हेनिस या व्यापारी प्रजासत्ताकाने १२८४ मध्ये सोन्याचे डुकाट पाडण्यास आरंभ केला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे ते प्रजासत्ताक कोसळले. तोवर पाच शतके या नाण्याचे वजन, कस आणि चित्र यांत फारसा बदल झाला नाही.

५/ एका बाजूस संत मार्क उभा आहे. त्याच्याकडून ध्वजदंड स्वीकारीत व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे डोज, गुडघे टेकून बसला आहे. दुसऱ्या बाजूस लंबगोल प्रभावळीत, ताऱ्यांच्या मध्ये येशू ख्रिस्त. आपल्याकडील लोकांना लॅटिन अक्षरे वाचता येत नव्हती. मानवी आकृत्या तेवढ्या दिसल्या. म्हणून ती ‘पुतळी’.

६/ प्रत्येक प्रदेशाने त्या आकृत्यांत आपले ओळखीचे काही पाहिले. तमिळ प्रदेशात उभ्या दंडाचे झाड झाले आणि त्यावर माडी काढणारा शानार दिसू लागला. तेथे या नाण्याला ‘शानार कासु’ हे नाव पडले. चित्र एक, पण पाहणाऱ्यांची जगे निराळी.

७/ हे नाणे इकडे का आले? युरोपला मिरी, मसाले आणि कापड हवे होते. त्या बदल्यात येथे खपेल असा माल त्यांच्यापाशी थोडा होता. तफावत सोन्या-चांदीने भरून निघे. व्हेनिसचे सोने इजिप्तमार्गे तांबड्या समुद्राकडे आणि तेथून अरबी व गुजराती व्यापाऱ्यांच्या जहाजांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्याला पोहोचे.

८/ आता कोकणच्या नकाशाकडे पाहा. किनाऱ्यावर मालवण, देवगड, विजयदुर्ग ही बंदरे. मागे सह्याद्रीची भिंत. ती ओलांडायची तर घाटवाटाच. कणकवली तालुक्यातील फोंडाघाट येथून चढणारी वाट दाजीपूर-राधानगरीमार्गे कोल्हापूरला जाते. अशा वाटांच्या दोन्ही तोंडांशी बाजार वसले, आणि जेथे बाजार तेथे सोनार.

९/ पुतळी मराठी राज्याच्या खजिन्यातही होती. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या खजिन्यातील नाण्यांची यादी आहे. तीत मोहरा आणि नाना प्रकारचे होन यांच्यासोबत पुतळ्याही येतात. अर्थात गळ्यात जाण्यापूर्वी ती तिजोरीत मोजली जाणारी संपत्ती होती.

१०/ मग नाण्याचा दागिना कसा होई? काम साधे होते. सोनार नाण्याच्या वरच्या कडेला बारीक कडी झाळून देई. पटवेकरी त्या कड्या रेशमी गोफात ओवून माळ गाठवी. नाणे वितळवायचे नाही, त्यावर नक्षी कोरायची नाही. छाप जशीच्या तशी राहिली तर कसाची खात्रीही टिकून राहते.

११/ या साधेपणामागे व्यवहार होता. पुतळीमाळ म्हणजे सुट्या होऊ शकणाऱ्या एककांची माळ. दुष्काळ, आजारपण, मुलीचे लग्न, कोर्टकचेरी असा प्रसंग आला की दोन पुतळ्या उतरवायच्या, गहाण टाकायच्या किंवा विकायच्या. उरलेली माळ गळ्यात तशीच. अखंड घडवलेल्या दागिन्याला ही सोय नसते.

१२/ जिच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हते, त्या बाईच्या हाती स्त्रीधन म्हणून जे काही राही ते अशा रूपात. तिचे नाव दप्तरात क्वचितच सापडते. तिने काय जपले आणि कधी काय मोडले, याचा पुरावा पुष्कळदा त्या माळेतील रिकाम्या जागाच देतात.

१३/ मागणी वाढली तशा भारतातच पुतळीच्या नकला होऊ लागल्या. त्यांवर लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि टिंबे दिसतात, कारण घडवणाऱ्याने लिपी न वाचता तिचे चित्र काढले. पुढे आकृत्याही बदलल्या. आज बाजारात मिळणाऱ्या पुतळ्यांवर बहुधा लक्ष्मी असते आणि पत्राही पातळ असतो.

१४/ नक्कल म्हटली की फसवणूक असे समजू नये. पहिल्या शतकांतील धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रोमन नाण्यांच्या नमुन्यावर केलेली, दोऱ्यात ओवता येतील अशी मातीची पदके सापडली आहेत. परदेशी नाणे गळ्यात घालण्याची आवड, आणि ते परवडत नसेल तर त्याची प्रतिकृती, हे दोन हजार वर्षे चालत आले आहे.

१५/ शब्दांचा प्रवासही पाहण्यासारखा. अरबी ‘सिक्का’ म्हणजे नाण्याचा ठसा. त्यावरून आपला ‘शिक्का’. त्याच शब्दावरून इटालियनमध्ये टांकसाळीला ‘झेक्का’ आणि तेथील डुकाटाला ‘झेक्किनो’ म्हणू लागले. कपड्यांवर शिवायच्या चकचकीत टिकल्यांना इंग्रजीत ‘सीक्विन’ म्हणतात. तो शब्द याच नाण्याचा वंशज.

१६/ एकोणिसाव्या शतकात या माळांत चांदीचे रुपये आले. १८३५ पासून कंपनी सरकारने एकसारखा रुपया पाडला : १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हेच एका तोळ्याचे वजन ठरले. म्हणून ‘रुपयाभार’ हे माप मराठीत रूढ झाले. नाणे एकाच वेळी पैसा, वजन आणि दागिना होते.

१७/ अशी माळ घरात असेल तर ती वाचावी कशी? डुकाटावर सन नसतो. डोजचे नाव असते आणि त्यावरून काळ कळतो. उदाहरणार्थ, लुदोविको मानिन हा शेवटचा डोज, कारकीर्द १७८९ ते १७९७. अक्षरे निरर्थक असतील तर बहुधा ती भारतीय नक्कल. तिचे मोल इतिहासाला तेवढेच.

१८/ रुपयावर सन असतो, पण तेथेही सावध राहावे. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हा सन पुढे १८७४ पर्यंत तसाच छापला जात होता. शिवाय नाण्यावरील सन माळेचा नसतो. माळेतील सर्वांत उशिराच्या नाण्याआधी ती माळ आजच्या रूपात असू शकत नाही, एवढेच खात्रीने म्हणता येते.

१९/ संग्राहक म्हणतात, कडी झाळली की नाणे बिघडले. नाणकशास्त्राच्या बाजारात ते खरेही आहे, किंमत घसरते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र ती कडीच मोलाची वाटते. कोरे नाणे टांकसाळीची हकिगत सांगते. कडी असलेले, छाप झिजलेले नाणे ते ज्या गळ्यात होते त्याची हकिगत सांगते.

२०/ आज सोन्याचा भाव चढा आहे आणि जुन्या माळा झपाट्याने मोडीत जात आहेत. सोनार कस पाहतो, वजन करतो, घट धरतो आणि मूस तापवतो. त्याचा दोष नाही. त्याच्या हिशेबात छापेला किंमत नाही. गरज असेल तर दागिना मोडणे हा त्या घराचा हक्कच आहे. पुतळीमाळ त्यासाठीच होती.

२१/ मात्र मोडण्यापूर्वी तासभर द्यावा. प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत, नाणी मोजावीत, वजन लिहावे. ब्रासो किंवा चिंच लावून छाप घासू नये. माळ कोणाकडून कोणाकडे आली हे घरातील ज्येष्ठ बाईला विचारून, तिच्या माहेरच्या गावासह लिहून ठेवावे.

२२/ जुन्या किल्लीचे लोलक करणाऱ्यांनाही हेच सांगणे. किल्ली जरूर गळ्यात घाला, पण ती कोणत्या वाड्याची, कोणत्या पेटीची, कोणाच्या छल्ल्यातली होती, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. आपल्या घरच्या माळेत डोजचे नाव सापडले, तर छायाचित्र या थ्रेडखाली अवश्य टाका. वाचून पाहू.