प्रस्तावना : कलिंगडावर टिचकी

आयटीत दोन-चार वर्षं काढलेल्यांना 'कलिंगड प्रोजेक्ट' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आठवड्याच्या अहवालात प्रत्येक कामापुढे एक रंगीत रकाना असतो : हिरवा, पिवळा किंवा लाल. इंजिनिअर सांगतो, लाल आहे. टीम लीड वर पाठवताना त्याचा पिवळा करतो. व्हाइस प्रेसिडेंटच्या पडद्यावर पोचेपर्यंत सगळं हिरवंगार; कलिंगडासारखं आत मात्र लाल. धडधडीत खोटं कुणीच बोललेलं नसतं. प्रत्येकानं आपल्यापुरतं जरा सावरून घेतलेलं असतं.

वरिष्ठांचं नेतृत्व आणि कर्मचाऱ्यांचं मनोबल या विषयात नव्यानं शिरणाऱ्यांनी सुरुवात या रकान्यापासून करावी. मनोबल म्हटलं की पगारवाढ, दिवाळीची भेट, शुक्रवारचा पिझ्झा डोळ्यांपुढे येतो. मला ही खूण फसवी वाटते. वाईट बातमी वर किती लवकर जाते, ते आधी बघावं.

संशोधक एमी एडमंडसन यांना हे रुग्णालयात दिसलं. औषध देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. चांगल्या चमूंच्या चुका कमी निघतील, ही अपेक्षा. निघाल्या जास्त! कारण तिथल्या परिचारिका चुका लपवत नव्हत्या. पुढे 1999 च्या निबंधात त्यांनी मांडलेली 'मानसिक सुरक्षितता' ही कल्पना आज टाऊनहॉलमधल्या स्लाइडांवर इतकी मिरवते की तिचा मूळ अर्थ झिजत चालला आहे.

तंत्रज्ञान कंपनीचं उदाहरण हवं असेल तर नोकिया घ्या. 2007 मध्ये आयफोन आला तेव्हा जगात विकल्या जाणाऱ्या दर 10 मोबाइलपैकी जवळपास 4 नोकियाचे होते. टिमो वुओरी आणि क्वी हुई या अभ्यासकांनी पुढे 76 मुलाखतींच्या आधारे या पडझडीचा शोध घेतला. त्यात जे दिसतं ते आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसात बसलेल्याला ओळखीचं वाटेल. वरचे साहेब बाजाराला आणि भागधारकांना घाबरलेले, मधले साहेबांना. बैठकीत आरडाओरडा, 'जमणार नाही' म्हणणाऱ्याची खुर्ची धोक्यात. सिंबियन ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम नव्या टचस्क्रीनपुढे कुठे तोकडी पडते हे तिच्यावर राबणाऱ्यांना ठाऊक होतं. पण ते वर जाताना गुळगुळीत होत गेलं. मधल्या फळीनं न झेपणाऱ्या तारखा कबूल केल्या आणि वरच्यांनी त्या खऱ्या धरल्या. सॉफ्टवेअरची पक्की जाण असलेले लोक वर कमी होते. कलिंगड घेताना आपण टिचकी मारून बघतो. इथं तशी टिचकी मारणारा हातच नव्हता.

मात्र सगळं खापर भीतीवर फोडू नये. सिंबियनचा कोड जुना आणि गुंतागुंतीचा होता, आणि हरल्यानंतर घेतलेल्या मुलाखतीत माणूस आठवणी नव्यानं लावतो. या शाखेतल्या बहुतेक अभ्यासांना ही मर्यादा आहे, आणि शहाणा वाचक ती लक्षात ठेवूनच पुढे जातो.

बोलून उपयोग नाही असं कळलेला माणूस काय करतो? अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये याची मांडणी केली : बोलणं किंवा सोडून जाणं, आणि या दोहोंना तोलून धरणारी निष्ठा. यातल्या सोडून जाण्याला आपल्याकडे 'पेपर टाकणं' म्हणतात. हुशार माणसं पेपर आधी टाकतात, कारण त्यांना बाहेर नोकरी मिळते. न जाणारे काही जण मात्र नोटीस पिरियड न देताच मनानं निघून गेलेले असतात. मला त्यांची जास्त काळजी वाटते.

पाठ्यपुस्तकं सावकाश वाचा. आधी जुलै 2014 मधलं एक पत्र मिळवा. नोकियाचा फोन व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे गेल्यावर तिथले त्या व्यवसायाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेलं. सुरुवात खेळीमेळीच्या नमस्काराने आहे, मग धोरणाबद्दल बरंच काही. 12,500 नोकऱ्या जाणार हे वाक्य कितव्या परिच्छेदात येतं, ते मोजा.