फुगा उडाला मुंबईत, उतरला सिन्नरला

महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटवर कधी उभे राहिलात? तिथे आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 1400 मीटर उंच असतो. आता असे पंधरा डोंगर एकावर एक ठेवा. तेवढ्या उंचीवर एक माणूस गरम हवेच्या फुग्यातून जाऊन आलाय. तोही आपल्या मुंबईतून!

26 नोव्हेंबर 2005, महालक्ष्मी रेसकोर्स. उद्योगपती विजयपत सिंघानिया, वय 67. स्पर्धा होती, पण समोर दुसरा फुगा नव्हता. समोर होता फक्त आकडा: 19,811 मीटर. पेर लिंडस्ट्रँड यांचा 1988 मधला विक्रम.

गरम हवा हलकी, म्हणून फुगा वर जातो. पण वर बाहेरची हवाच विरळ होत जाते, मग उचलणार कोण? म्हणून फुगा अवाढव्य लागतो. हा सुमारे 160 फूट उंच होता! शिवाय 19 किलोमीटरच्या वर हवेचा दाब इतका कमी, की पाणी अंगाच्या उष्णतेनेच उकळू लागतं. त्यामुळे साधी टोपली चालत नाही, हवाबंद केबिन हवी. ती गळली तर जीवावरच बेतणार.

सिंघानिया पोचले 21,027 मीटरवर. विक्रम मोडला!

पण फुग्याला स्टिअरिंग नसतं. वारा नेईल तिकडे जायचं. ते उतरले नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या पांचाळे गावाजवळ.

म्हणून फुग्यांची स्पर्धा बघायला गेलात, तर नुसते रंग बघू नका. पायलट वर-खाली होत सोयीचा वारा कसा शोधतो, ते बघा. खरा खेळ तोच.

भेटू पुढच्या भागात!