बूर्दोंची नळी

मे महिन्यात गावी गेलो तर धाकट्या भावाची जुनी जीप अंगणातच उभी. पेट्रोलचे मूळ इंजिन काढून डिझेलचे बसवलेले. (आपल्याकडे अनेक जुन्या जीपांचे हेच झाले, पेट्रोल परवडेना.) आता इंजिन सुरू केले की ऑइलचा काटा शून्याकडे! इंजिन खोलायचे घाटत होते. म्हणजे भावाची वर्षाची शिल्लक गेलीच.

म्हाताऱ्या मिस्त्रीने आधी एक बिनविजेचे मीटर नळीने थेट इंजिनाला जोडले. ही युजेन बूर्दों या फ्रेंच माणसाची १८४९ सालची युक्ती, वाफेच्या यंत्रांच्या काळातली. वाकवलेली चपटी नळी आतल्या दाबाने सरळ होऊ पाहते आणि काटा हलवते. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकल्यावर उलगडते ना, तसेच. दाब उत्तम निघाला!

मग इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली फिरवली, तर जुना काटा थेट वरच्या टोकाला. मिस्त्री हसला. विजेच्या मीटरला इंजिनावरचा सेंडर विजेचा रोध बदलून दाब कळवतो. काही सेंडरांत दाबाबरोबर रोध वाढतो, काहींत घटतो. इथे सेंडर नव्या इंजिनाचा, मीटर जुन्या जीपचे. दोघांची भाषाच उलटी!

भावाने बूर्दोंचेच मीटर कायम ठेवले. जुन्याची वायर काढली, पण डॅशबोर्डवरून ते हलवू मात्र दिले नाही.