धोटा, विटाळ आणि कामगारांचे ऐक्य : मुंबईच्या गिरण्या, १९२८ ते १९३८

मुंबईच्या कामगार चळवळीत १९२८ चा सार्वत्रिक संप हा सामूहिक कृतीचा उच्चांक मानला जातो. २६ एप्रिल ते ६ ऑक्टोबर असे पाच महिन्यांहून अधिक काळ सुमारे दीड लाख गिरणी कामगार कामावर गेले नाहीत. या संपाचा इतिहास बहुधा वर्गजाणिवेच्या उदयाची कथा म्हणून लिहिला गेला आणि अस्पृश्य कामगारांचा प्रश्न त्या कथेच्या तळटीपेत राहिला. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न मध्यभागी ठेवून असे विचारावयाचे आहे की, अंतर्गत विषमता पोटात असलेला समूह 'आम्ही' म्हणून उभा राहतो तेव्हा त्या 'आम्ही'चा अर्थ सर्वांना सारखाच असतो काय?

प्रश्न उभा राहिला तो एका लहानशा कृतीवरून. मागावर कापड विणताना धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी बसवून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे. विणकर त्या छिद्राला ओठ लावीत आणि श्वासाने सूत ओढून घेत. लँकेशायरमध्येही हीच पद्धत होती व तेथे तिच्याविरुद्ध आरोग्याच्या दृष्टीने तक्रारी झाल्या. मुंबईत मात्र आक्षेप जंतूंचा नव्हता, विटाळाचा होता. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आपल्या ओठाला लागेल, या कारणास्तव सवर्ण विणकर अस्पृश्यांना साचेखात्यात येऊ देत नसत. त्यांना प्रवेश होता तो प्रामुख्याने रिंग खात्यात आणि कमी मजुरीच्या इतर कामांत.

हा केवळ रूढीचा प्रश्न असता तर त्याचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. साचेखाते हे गिरणीतील अधिक मिळकतीचे खाते होते. विणकराला कामाच्या मापावर मजुरी मिळे आणि ती रिंग खात्यातील मजुरीपेक्षा बरीच अधिक असे. शिवाय संपाची ताकदही याच खात्यात एकवटलेली होती. विणकर कुशल होते, त्यांना सहजासहजी बदलता येत नसे, आणि अनेक संपांची सुरुवात साचेखात्यातूनच झाली. ज्यांच्या बळावर संप उभा राहावयाचा, त्यांच्याच हाती साचेखात्याचे दार होते. कामगार पुढाऱ्यांची अडचण येथे होती. गिरणी कामगार युनियनचे पुढारी अस्पृश्यतेचे समर्थक होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु विणकरांना दुखवून संप चालविण्याची त्यांची तयारी नव्हती.

डॉ. आंबेडकरांनी नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. महाडच्या दुसऱ्या परिषदेला त्या वेळी जेमतेम चार महिने झाले होते. साचेखाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घालावी, असा आग्रह त्यांनी धरला आणि पुढाऱ्यांनी ती अखेर नाखुषीने स्वीकारली. ही नाखुषी अर्थपूर्ण आहे. मजुरीतील कपात, कामगारांकडे अधिक माग सोपविण्याची योजना हे प्रश्न 'सर्वांचे' ठरले होते आणि साचेखात्याचा प्रश्न 'एका जातीचा' ठरला होता. वस्तुतः दोन्ही प्रश्न मजुरीचेच होते.

येथे सामाजिक मानसशास्त्राचा आधार घेणे उपयुक्त ठरते. हेन्री ताजफेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमधील शाळकरी मुलांवर केलेल्या प्रयोगांतून दाखविले की, अगदी क्षुल्लक आधारावर गट पाडले तरी माणूस स्वगटाला झुकते माप देतो. मुंबईत तर गटांचा आधार क्षुल्लक नव्हता. त्यामागे शतकांची धर्माज्ञा आणि रोजची मजुरी दोन्ही होत्या. रन्सिमन यांनी १९६६ मध्ये सापेक्ष वंचिततेची मीमांसा करताना व्यक्तीची वंचितता आणि समूहाची वंचितता यांत भेद केला. 'मला कमी मिळते' ही जाणीव माणसाला जॉबरच्या दाराशी नेते. 'आम्हाला कमी मिळते' ही जाणीव त्याला संघटनेकडे नेते. मात्र हे 'आम्ही' कोणाशी तुलना करून ठरते, हा कळीचा प्रश्न आहे. सवर्ण विणकर आपली तुलना मालकाशी करीत होता. रिंग खात्यातील महार कामगार मालकाशी तर करीतच होता, पण शेजारच्या खात्यातील विणकराशीही करीत होता. अलीकडील संशोधनाने आणखी एक गोष्ट पुढे आणली आहे. दोन विषम गटांत केवळ सलोख्याचे संबंध वाढविले आणि विषमतेविषयी मौन पाळले, तर दुर्बल गटाचे लक्ष विषमतेवरून ढळू शकते. 'ऐक्यात फूट पाडू नका' हा उपदेश बहुधा वरच्या पायरीवरूनच का ऐकू येतो, याचे काही उत्तर येथे मिळते.

१९२९ च्या संपात याचा प्रत्यय आला. मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर, तसेच आळवे, कासले यांना अटक झाली होती. फेब्रुवारीतील दंग्यांनी कामगार वस्ती दुभंगली होती. एप्रिलच्या अखेरीस नवा संप पुकारला गेला तेव्हा आंबेडकरांनी त्यास विरोध केला. मागच्या संपाने कर्जबाजारी झालेल्या कामगाराला तो परवडणारा नाही आणि त्यामागील हेतू राजकीय आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अस्पृश्य कामगार कामावर गेले. त्यांना संपफोडे म्हणण्याची प्रथा पडली. पण कामावर जाणारे केवळ तेच नव्हते. जो समूह आपल्याला साचेखात्याच्या उंबऱ्यावर थांबवितो, त्याच्यासाठी उपाशी राहावे असे त्यांना का वाटावे, हा प्रश्न त्या शिव्या देणाऱ्यांनी स्वतःला विचारल्याचे दिसत नाही.

याचा अर्थ स्वतंत्र अस्मिता सामूहिक कृतीच्या आड आली, असा काढला जातो. पुढील दशकातील घटना तो निष्कर्ष खोडून काढतात. १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ मध्ये त्यांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला. खोताविरुद्धच्या त्या लढ्यात कुणबी आणि महार एकत्र होते. फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुत्व यांचा नकार, असा खुलासाही केला. तेथे दिलेले उदाहरण साचेखात्याची आठवण करून देणारे आहे. स्टेशनमास्तरच्या घरची कामेही पोर्टरला करावी लागत, म्हणून अस्पृश्याला पोर्टर नेमले जात नसे. विटाळ पुन्हा एकदा पगाराच्या आड आला होता.

त्याच वर्षी काँग्रेस मंत्रिमंडळाने संपाच्या हक्कावर मर्यादा घालणारे औद्योगिक कलह विधेयक आणले. संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, अशी भूमिका आंबेडकरांनी विधिमंडळात घेतली. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. नऊ वर्षांपूर्वी ज्यांची तोंडे विरुद्ध दिशांना होती, ते डांगे आणि आंबेडकर त्या आंदोलनात एका बाजूला होते. १९२८ मध्ये अस्पृश्य कामगारांना दुसऱ्यांच्या संघटनेत आपली मागणी घालून घ्यावी लागली होती. १९३८ मध्ये ते स्वतःच्या संघटनेच्या वतीने वाटाघाट करून संपात उतरले. माझ्या मते दोन संपांतील खरा फरक हाच आहे. विधेयकाचा मात्र कायदा झाला, आणि साचेखात्याचा उंबरा बऱ्याच गिरण्यांत त्यानंतरही तसाच राहिला.